मिरचीच्या खळ्यात टिरोल

मी कॉलेजात इतिहास शिकवते, आणि गेली काही वर्षं न घडलेला इतिहास लिहिते. याची मला लाज वाटत नाही. घडलेला इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले निम्मे एकमेकांचं बघून लिहितात. माझा विषय दक्षिण टिरोल. आल्प्सच्या कुशीतलं हे खोरं. लोक जर्मन बोलणारे, पण पहिल्या महायुद्धानंतर सरहद्दीची रेघ डोंगरमाथ्यावर ओढली गेली आणि ऑस्ट्रियाचं हे खोरं इटलीत गेलं. तिथल्या माणसांना कुणी विचारलं नाही. माझ्या पुस्तकात विचारतात. रेघ खाली सरकते, जिथे भाषा बदलते तिथे येऊन थांबते, गावोगाव मतदान होतं, आणि मग पुढचं सगळं वेगळंच घडत जातं.

जळगावच्या बाईला टिरोलचं काय पडलंय, असं सहकारी विचारतात. मी सांगते, माझं माहेर दोंडाईचाजवळ आहे. आमच्या स्टेशनातून सुरतेच्या गाडीत बसलं की नवापूर येतं, आणि तिथलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. माझी एक आत्या त्या बाजूला दिलेली. तिची नातवंडं गुजरातीत भांडतात आणि अहिराणीत रडतात. सरहद्द म्हणजे काय हे मला नकाशावरून शिकावं लागलं नाही.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी जाते तेव्हा भावाचं मिरचीचं खळं भरलेलं असतं. लाल मिरची उन्हात पसरलेली, आणि एका बाजूला पत्र्याच्या सावलीत बाया नाकातोंडाला फडकी बांधून देठं खुडत बसलेल्या. हाताला चटका आणि डोक्याला काही काम नाही, म्हणून आमच्याकडे खुडणीच्या वेळी कुणीतरी वाचून दाखवायची रीत आहे. वडील होते तोवर ते पाटावर बसून पोथी वाचत. ते गेले आणि पाट माझ्याकडे आला. पोथी मला रुचत नाही, म्हणून मी माझं टिरोल वाचायला घेतलं.

पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं की हे असं झालं असतं तर कसं, एवढंच आहे, झालेलं नाही. पण पहिल्या दिवशी खळ्यावर चारच बाया होत्या आणि भाऊ बाजाराला गेलेला होता. पुढे माणसं वाढत गेली. भाऊ पोती शिवता शिवता ऐकायचा. माझी वहिनी तर प्रत्येक भाग संपला की कागदांना हात लावून कपाळाला लावायची, कारण त्या पाटावरून वाचलेल्या गोष्टीला नमस्कार करायची तिला सवय. बायांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि मी खुशीत असायची. मिरचीच्या खळ्यात सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

पुस्तक रंगावं म्हणून दुसऱ्या भागात मी लढाई आणली होती. मतदान ऑस्ट्रियाच्या बाजूने लागतं, इटलीला ते मानवत नाही, सैन्य येतं, बोत्सेन शहराचा पूल उडतो. तो पूल मी फार छान उडवलाय. खळ्यावर त्या दिवशी खुडणी थांबली होती.

आता माझ्या भाचीचं सांगते. भावाची ही एकुलती मुलगी. धुळ्याला होस्टेलवर राहून नर्स झाली, मग जळगावला माझ्याकडे राहून जर्मन शिकली. हुशार आहे, आणि हे मी आत्या म्हणून म्हणत नाही, मास्तरीण म्हणून म्हणते. तिला परदेशात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नोकरी लागली. जर्मनीतल्या चार ठिकाणी आणि इटलीतल्या एका ठिकाणी तिने अर्ज केला होता, त्यातलं इटलीतलं नक्की झालं. ते ठिकाण बोत्सेनमधलं होतं. मी तर हरखून गेले. तिला आठवड्याभरात होकार कळवायचा होता, म्हणून आम्ही दोघी तशाच गाडीत बसून गावी आलो.

भावाने शहराचं नाव ऐकलं आणि सुई खाली ठेवली.

"पोरले तठे धाडाव नही," तो म्हणाला. "तो पूल उडायेल शे."

मला आधी हसू आलं. मग त्याचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. मी समजावून सांगितलं की तो पूल मी उडवलाय, खरा पूल जागेवर आहे, त्यावरून रोज बस जाते. भाऊ तापट नाही, पण एकदा बसला की बैल बसावा तसा बसतो.

"काल खरं व्हतं, आज पोरले धाडनं शे म्हनीसन खोटं व्हयनं का?"

वहिनीही त्याच्याच बाजूने. जे नमस्कार करून ऐकलं ते खोटं कसं असेल, असं तिचं म्हणणं. भाची उठली आणि फडकं न बांधताच देठं खुडायला बसली. दोन वर्षं पहाटे उठून पाठांतर केलेली पोर माझ्याच कथेत अडकली होती.

संध्याकाळी भाऊच माझ्याजवळ आला. बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, लोकांनी ऐकलंय, तर खरं काय ते बठ्ठ्यांच्या समोर, त्याच पाटावर बसून वाच, असं त्याचं म्हणणं. मला ते रास्त वाटलं. पंचांसमोर झालेला सौदा पंचांसमोरच मोडावा लागतो.

खरा इतिहास मी दोन दिवसांत लिहून काढला. लिहिताना एका जागी अडले. त्या खोऱ्यातल्या काही लोकांनी पुढे चिडून विजेचे मनोरे उडवले होते, हे खरं आहे. ते गाळलं असतं तर भाचीचा रस्ता मोकळा होता. पोरीचं तोंड बघून विरघळलेल्या वहिनीनेही स्वयंपाकघरात हळूच सुचवलं की भीती वाटेल असं काही वाचू नका. पण मी इतिहासाची बाई आहे. खोटं लिहायचं तर खोटं म्हणून लिहीन, खऱ्यात खोटं मिसळणार नाही. मनोरे ठेवले.

खळ्यावर त्या दुपारी शेजारच्या बायाही आल्या. मी वाचलं. मतदान झालंच नाही, हे ऐकून एक बाई जोरात शिंकली. मग सरकारने शाळांतून जर्मन काढून टाकलं, गावांची नावं बदलली. तेव्हा तिथल्या तरण्या पोरींनी तळघरांत, माळ्यांवर, गोठ्यांत चोरून शाळा चालवल्या. मुलं एकेक करून यायची, कुणी पाटी कपड्यात लपवून आणायचं. पकडलं तर शिक्षा. पुढे दोन हुकूमशहांनी मिळून लोकांना सांगितलं, भाषा हवी तर गाव सोडा, गाव हवं तर भाषा सोडा. एका घरात भाऊ जायचं म्हणायचा, बहीण राहायचं. मग दुसरं महायुद्ध, मग वर्षानुवर्षांचं भांडण, त्यात ते मनोरे.

"कोन्ही पाडात?" भावाने विचारलं.

मी सांगितलं, त्यांच्याच माणसांनी. आणि पुढे वाचत गेले. बैठका, करार, मोडलेले करार, पुन्हा बैठका. ऐकायला कंटाळवाणं, आणि मला माझा पूल फार आठवत होता. शेवटी एवढंच की रेघ जिथे होती तिथेच राहिली, पण आज तिथल्या मुलाला आईच्या भाषेत शाळा आहे आणि रस्त्यावरच्या पाटीवर दोन्ही भाषांत नावं आहेत. मी कागद खाली ठेवले. कागदांना कुणी हात लावला नाही. कोपऱ्यातल्या एका बाईने तेवढं विचारलं, "बाई, पन त्या पूलनं पुढे काय व्हयनं?"

सगळ्या हसल्या. भाऊ हसला नाही. तो तळघरातल्या शाळांजवळच थांबला होता. त्या पोरी किती मोठ्या होत्या, पुढे त्यांचं काय झालं, असं विचारत राहिला. आणि मग, आम्हाला सांगतोय की मिरच्यांना हे कळू नये अशा आवाजात, त्याने एक गोष्ट सांगितली. मुलगी धुळ्याला गेली आणि पहिल्याच महिन्यात होस्टेलच्या पोरी तिच्या अहिराणीला हसल्या. तेव्हापासून खोलीत कुणी असलं की ती फोनवर म्हणायची, नाना, मी बरी आहे, नंतर बोलते. एवढंच. छापील मराठीत, सरकारी बाईसारखं. म्हणून फोन लावला की तो आधी विचारायचा, कोन्ही शे का तुनाजोडे, कुणी आहे का जवळ. आहे म्हटलं की आपणच ठेवून द्यायचा, पोरीला लाज नको म्हणून. पूल उडाला ते तर एक होतंच. पण मुलगी एवढ्या लांब, आणखी दोन भाषांच्या मुलखात गेली की आपल्याशी कुठल्या तोंडाने बोलणार, ही धास्ती त्याने आमच्यापैकी कुणालाच सांगितली नव्हती.

भाचीने फडकं तोंडावर ओढून घेतलं. मलाही रडू आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

"जठे लोकेसनी बोलीकरता तळघरमा शाळा चालाडी," भाऊ म्हणाला, "तठे मन्ही आंडेरले कोन्ही हसाव नही. जाऊ द्या तिले."

आंडेर म्हणजे लेक. वहिनीने हातातली मिरची टाकली आणि उठून पाटावरचे माझे कागद कपाळाला लावले. मनोऱ्यांसकट.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. मी पुस्तकाचा तिसरा भाग लिहितेय आणि यंदाही तो खळ्यावर वाचणार आहे, फक्त रोज सुरुवातीला भाऊच उभा राहून सांगणार की बाई सांगते ते झालेलं नाही. ही अट त्याची.

परवा मी माहेरी असताना भाचीचा फोन आला. मागे ताटं-चमच्यांचा आवाज, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, कुणीतरी तिला हाक मारत होतं. तिची जेवणाच्या दालनातली पाळी होती. भावाने फोन कानाजवळ धरला आणि सवयीने आवाज खाली नेऊन विचारलं, "कोन्ही शे का तुनाजोडे?"

"बठ्ठा शेतस, नाना," ती म्हणाली, एवढ्या मोठ्याने की मला इकडे ऐकू आलं. "सांग, मिरच्या खुडाई गयात का?"