उदाहरणातली आत्या

दोन अनोळखी माणसं चहाच्या टपरीवर भेटली, तरी आपल्याकडं आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि कप रिकामा व्हायच्या आत कुणाच्या तरी चुलत साडूपर्यंत नातं आणून भिडवतात. पुंडलिकनगरच्या अभयला हेच काम मशीनला शिकवायचा पगार मिळत होता.

एका बौद्ध वधूवर मंडळाकडची सगळी घरं त्याच्या कंपनीनं संगणकावर मांडली होती. प्रत्येक माणूस एक ठिपका, प्रत्येक नातं एक रेघ. रेघेरेघेनं चालत जाऊन नातं काढून देणारं टूल दुसऱ्यांनी बनवलं. ते वापरणार होता एआय एजंट, म्हणजे स्थळ बघणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा मशीनमधला मदतनीस. त्या एजंटानं वाचायची माहिती लिहायची अभयनं. सुरुवात कुठून करायची, किती पावलं जायचं, एकदा जाऊन आलेल्या ठिपक्यावर पुन्हा जायचं नाही, थांबायचं कुठं. माणूस वाचतो तेव्हा चार गोष्टी सांभाळून घेतो. एजंटाला मात्र अभय लिहील ती काळ्या दगडावरची रेघ.

अभय कामाला हुशार, पण हुशार माणसाला कंटाळा लवकर येतो. ‘नातं तुटलेलं असलं तरी त्या रेघेवरून पुढं जावं’ हा नियम त्यानं लिहिला आणि आता त्याला उदाहरण पाहिजे झालं. खोटी नावं जुळवत कोण बसणार? त्यानं सरळ आपल्या आत्याचं नाव टाकलं. गोजरबाई, गाव अजिंठा, पहिलं लग्न अमक्या गावी, चार महिन्यांत मोडलं, दुसरं लग्न, मुलगी मोनाली. उदाहरण इतकं चपखल बसलं की गडी स्वतःवरच खूश झाला. नावं नंतर बदलू म्हणाला. हे ‘नंतर’ कधी उगवलंय का कुणाचं?

आत्याचं पहिलं लग्न म्हणजे घरातली झाकली मूठ. मोनालीलासुद्धा माहीत नव्हतं. अभयचे वडील गेल्यावर आत्याच्या घराबाहेर ते जाणणारी एकच बाई उरली होती, त्याची आई मनकर्णाबाई. तिनंच एकदा मन हलकं करताना अभयला सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं, “पोटात ठेव बाबा.”

पोटात कसलं ठेवतोय! मोनालीला बिडकीनचं स्थळ आलं. मुलगा विश्वजीत, शिकलेला, दोघांची पसंती झालेली. पाहुण्यांनी मंडळाच्या एजंटाला मुलीकडचं नातं काढायला लावलं, आणि त्या शहाण्यानं उदाहरणालाच नोंद समजून आत्याची सगळी हकीकत त्यांच्यापुढं ठेवली. दुसऱ्याच दिवशी पाहुणे दारात. “दुसरं लग्न काही गुन्हा नाय बाई,” विश्वजीतचा बाप म्हणाला, “पण लपवलं कशापायी?” बोलणी तिथंच थांबली.

मग आत्या तडक पुंडलिकनगरला आली. आतल्या खोलीत वहिनीशी काय बोलायचं ते बोलली आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेली. अभय बाहेर बसला होता. आई डोळे पुसत आली आणि तिनं एवढंच विचारलं, “तुझं ते लिहायचं काम संपलं का रं?”

“संपलं,” तो म्हणाला.

ऑफिसात त्यानं उदाहरण गुपचूप काढून टाकलं. सगळे म्हणाले, एजंट चुकला. यानंही मान हलवली. लाजेनं त्याचे कान तापायचे, तरी तोंड काही उघडेना. असे पंधरा दिवस गेले. आई ताटावर बसायची आणि दोन घास खाऊन उठायची. “आत्या येत नाही का गं?” असं त्यानं एकदा विचारलं, आणि विचारता विचारता त्याला स्वतःचीच किळस आली. आई म्हणाली, “यील की. तू जेव.”

त्या रविवारी मात्र त्याला घास गिळवेना. त्यानं गाडी काढली आणि अजिंठा गाठलं. आत्या ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. जयभीम केला, तर तिनं मान वर केली नाही.

“आत्या, आईनं नाही सांगितलं. ते मी लिहिलं होतं.”

त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. मोनाली पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिली होती. “दादा,” ती म्हणाली, “माझ्या आईची गोष्ट मला तुझ्या मशीनकडून कळावी?” तांब्या तसाच घेऊन ती आत गेली.

आत्यानं हातातल्या मिरचीचं देठ खुडलं. मग म्हणाली, “कुठं थांबायचं ते मशीनला लिहून देतोस म्हणं. तुला सोताला नाय कळलं व्हय रं?”

अभयला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो उठायला लागला, तर आत्याचा मिरच्यांवरचा हात थांबला.

“पण मग वहिनी असं का म्हणली?”

“काय म्हणली?”

“नको नको ते बोलले रं मी तिला. तुझ्या बापाची आण घालून विचारलं. तर म्हणली, व्हय, माझ्याच तोंडून निसटलं, माफ कर.”

लिहायचं काम संपलं का, असं आईनं का विचारलं होतं, ते अभयला आत्ता कळलं. पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. आणि तरी रोज ती त्याला जेव म्हणत होती.

आत्यानं हात धुतले, पायात चपला सरकवल्या. “गाडी काढ,” ती म्हणाली. “वहिनीकडं जायचंय.”

अभय जागचा हलेना. आत्याला तोंड दाखवणं कसंबसं जमलं होतं. आईला कसं दाखवायचं, ते त्याला कळेना.