सलूनमधली फाशी

आमच्या अकोल्याचे सलूनवाले भाऊ कोर्टाच्या आधी निकाल देतात. एका पोराला कोठडीत बेदम मारल्याचा खटला ज्या हवालदारावर चालू आहे, त्याला ते रोज सकाळी फाशी द्यायचे आणि फेस लावलेल्या तोंडानं मी "बराबर आहे" म्हणायचो.

काल जामिनावर सुटलेला तोच हवालदार दाढीला आला. भाऊंनी न सांगता नवं पातं लावलं.

"तुमाले काय वाटते भाऊ, म्या मारलं असन त्याले?" त्यानं विचारलं.

भाऊंचा हात थांबला. "मले काय मालूम, साहेब? मी कुठी होतो तिथं?"

"मंग रोज फाशी काहून देता?"

"गिऱ्हाइकाईले आवडते, साहेब," भाऊ म्हणाले आणि त्यांनी आरशातून बाकावरच्या माझ्याकडे पाहिलं.

मी घाईनं पेपर तोंडापुढे धरला.