वळणावरची भरभराट

‘पत्रा आतून बघावा,’ हे मामांचं ठरलेलं वाक्य. गाडीचा मालक बाहेरच्या पोच्यावरून हात फिरवत हळहळत उभा असे आणि मामा दाराचं अस्तर उचकटून मान आत घालत. बाहेर दिसतो तो मार, आत दिसतं ते दुखणं, असं म्हणत ते डाव्या हातात लोखंडी गोळा धरत आणि उजव्या हाताने हातोडी चालवू लागत. तो आवाज आमच्या कानांत इतका मुरला होता, की तो थांबला की माणसं घरातून डोकावून बघत.

मामा आमच्या गावचे डेंटर. नात्याने कुणाचेच नसले तरी सगळ्यांचे मामा. त्यांची शेड टेकाडाच्या पायथ्याशी, बरोबर वळणावर. टेकाड रस्त्यात पोट काढून बसलं होतं आणि पलीकडून येणारी गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नसे. रस्ता खडबडीत होता तोवर निभावलं. मग तो नवा, गुळगुळीत झाला, गाड्या वारा प्यायल्यासारख्या पळू लागल्या आणि वळणावर एकमेकींना भिडू लागल्या. भिडल्या की पहिलं दार मामांचं. मामी रंग कालवायच्या. उन्हाने विटलेल्या जुन्या रंगाशी नवा रंग असा जुळवायच्या, की मार कुठे बसला होता हे मालकालाही सांगता येऊ नये.

अशात गावाच्या विकासाचा आराखडा करायला शहरातून एक अर्थतज्ज्ञ बाई आल्या. दुकानं हिंडत हिंडत त्या मामांच्या शेडशी पोचल्या.

“धंदा वाढलाय का?” त्यांनी विचारलं.

मामांची छाती फुगली. “वाढलाय का म्हणजे? तीन वर्षांत तिप्पट, बाई. जेवायला फुरसत नाही.”

“फुरसत नाही म्हणे,” मामी रंगाच्या डब्यांआडून म्हणाल्या. “मग दुपारी घोरतं ते कोण, कॉम्प्रेसर?”

बाई हसल्या, पण तिप्पट हा शब्द त्यांनी लिहून घेतला.

पुढे आराखडा पंचायतीच्या फळ्यावर लागला. गावात सगळ्यात जास्त वाढलेला धंदा गाडीदुरुस्तीचा, तेव्हा वळणावर नव्या शेडांची रांग उभी करावी, असं त्यात होतं. पहिली आणि सगळ्यात मोठी शेड मामांची. टेकाड कापायला राखलेला पैसा तिकडेच वळवायचा होता. त्यावर गावाच्या सभेत हात वर होणं तेवढं बाकी होतं. मामांनी त्या दिवशी येईल त्याला चहा पाजला.

त्याच आठवड्यात वळणावर आपटलेली शाळेची गाडी मामांकडे आली. चालकाचा हात मोडला होता, एका मुलीच्या कपाळाला टाके पडले होते, बाकीची पोरं घाबरली तेवढीच. मामांनी दाराचं अस्तर काढलं, तर आत चेपलेल्या पत्र्यात एक जेवणाचा डबा घट्ट अडकून बसला होता. त्यांनी तो सोडवला आणि सवयीने ऐरणीवर ठेवून ठोकू लागले. डबा सरळ झाला, पण झाकण काही बसेना.

मामी बराच वेळ बघत होत्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “त्या पोरीचे टाकेपण तुमच्या तिपटीतच धरायचे का?”

मामांनी हातोडी खाली ठेवली. त्या दिवशी ती पुन्हा उचलली नाही.

सभेला खोली गच्च भरली होती. बाईंनी मोठ्या कौतुकाने मामांना बोलायला उभं केलं.

“बाई, मी तुम्हाला खोटं सांगितलं नाही, पण अर्धंच सांगितलं,” मामा म्हणाले. “माझा धंदा तिप्पट झाला, कारण गाड्या तिप्पट आपटल्या. माझी भरभराट म्हणजे कुणाचं तरी मोडलेलं हाड. ती वाढीत धरू नका, वजा करा. शेडा नकोत. आधी टेकाड कापा.”

“मामा, डोक्यावर पडलात का?” मागून एक जण म्हणाला. “आयती शेड मिळतेय.”

“अजून पडलो नाही. वळण तसंच ठेवा, तेही होईल.”

खोली हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. “आमच्या हिशोबात आपटलेली गाडी दुरुस्त झाली की वाढ होते,” त्या सावकाश म्हणाल्या. “न आपटलेली गाडी कुठे दिसतच नाही. ही खोट आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, मामा. तरी धंदा कशाने वाढला, हे माझं इथे येऊन विचारायचं राहिलं. पण टेकाड गेलं तर तुम्ही काय करणार?”

“गंज आहे की. गाड्या आपोआप म्हाताऱ्या होतात, त्याला टेकाड कशाला लागतं?” मामा हसून म्हणाले. पण जवळ बसलेल्यांनी बघितलं, खुर्चीच्या पाठीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

पहिला हात मामींचा वर झाला. मग चालकाचा, प्लॅस्टर नसलेला. मग एकेक करत खोलीचा. शेडची आशा धरून बसलेल्यांचे हात खालीच राहिले, आणि त्यातले दोघे अजूनही मामांशी बोलत नाहीत.

टेकाड गेलं. मामांचं काम खरंच निम्म्याच्या खाली आलं. अर्धी शेड त्यांनी एका सुताराला दिली. पुढच्या अहवालात आमच्या गावाची वाढ घटलेली दिसली, आणि त्याखाली बाईंनी एक ओळ घातली होती: ‘वळणावर आता अपघात होत नाहीत, म्हणून दुरुस्तीचं काम घटलं आहे.’ मामांनी ती ओळ दोनदा वाचली. “घटलो बुवा एकदाचे,” म्हणाले, आणि चहा मागवला.

आता बस आगारातल्या जुन्या गाड्यांच्या गंजाचं काम त्यांच्याकडे असतं. सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते पायी निघतात. पूर्वी शेडमधून निघालेला माणूस चार पावलांत टेकाडाआड दिसेनासा व्हायचा. आता रस्ता सरळ झालाय. मामी रंगाने माखलेले हात पुसत दारात उभ्या राहतात आणि मामा बाजारपेठेपर्यंत लहान लहान होत जाताना त्यांना दिसत राहतात.