झोळीखालची दुलई

गादीकाकूंच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की काकू त्याला आधी एक बुक्की मारायला लावायच्या. काकूंना नव्हे, गादीला. मूठ आवळून चांगली हाणायची. मूठ आत गेली तर गादी उसवून आणखी कापूस कोंबायचा आणि दाभणाने पुन्हा टाके घालायचे. "मूठ रुतली ती गादी नव्हे, चिखल," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या गादीवर झोपलेला माणूस सकाळी ताठ उठायचा. काही जण तर दुपारपर्यंत ताठच राहायचे. पण गादी वर्षानुवर्षं बसायची नाही, एवढं खरं.

पुढे दुकान, मागे कापूस पिंजायची खोली, वर राहायचं, असा त्यांचा संसार. निम्म्या गावाची झोप काकूंच्या हातची, पण काकूंना मात्र स्वतःच्या छपराबाहेर एक रात्र काढायची फुरसत नव्हती. कुणाचं लग्न ठरलं की गाद्या, कुणाला बाळ झालं की दुपटी, आणि ज्याला यातलं काहीच झालेलं नाही त्याची जुनी उशी फाटलेली.

नणंद मात्र पायाला भिंगरी लावून जन्मलेली. सारी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून काढली आणि रिटायर झाल्यापासून दर हिवाळ्यात ती बायकांचा एक घोळका घेऊन डोंगरावरच्या पठारावर जायची. तिथे एक तळं होतं. परत आली की दुकानात बसून सांगायची, पहाटे पाण्यावरून वाफ कशी उठते, पाखरं कशी उतरतात. काकू हूं हूं करत टाका घालत राहायच्या. यंदा त्यांनी दाभण खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मी येणार."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आणि गुडघ्याचं काय?" नणंदेने विचारलं.

प्रश्न खोटा नव्हता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काकू चालायच्या झकास, पण जमिनीवर बसल्या की त्यांना उठवायला दोन माणसं लागायची, आणि तिसरं हसायला.

"जमिनीवर झोपतंय कोण? तुमच्या फोटोत नव्हती का, दोन झाडांना बांधलेली झोळी? तिच्यात झोपेन. पाय खाली सोडले की झाले उभी."

"अगं, पोरांना झोळीत घालतात ते ठाऊक होतं," काका म्हणाले. "तुला जोजवायला कोण येणार?"

"तुम्ही या. नाहीतरी घरी कोणता डोंगर फोडताय!"

नणंद हसली नाही. थंडीने माणसाचं काय होतं ते तिने दवाखान्यात पाहिलं होतं. "वहिनी, झोळीत खालून वारा लागतो. वर तर तळ्याच्या कडेला पाण्यावर बर्फाची साय धरते. तुम्ही कुडकुडायला लागलात तर सगळ्यांना घेऊन अंधारात डोंगर उतरू का मी? आधी मागच्या अंगणात झोपून दाखवा. सकाळी येऊन मी पाठीला हात लावणार. पाठ गार लागली तर यंदा घरीच."

"वन्सं, गादीवालीला थंडीचं भेव घालताय होय?" काकू म्हणाल्या. "या खुशाल."

अंगणातल्या दोन झाडांना झोळी बांधली. काकूंनी आत एक रजई अंथरली, वर दोन घेतल्या आणि शिरल्या. सकाळी नणंद आली तेव्हा काकू स्वयंपाकघरात चुलीकडे पाठ करून स्टुलावर बसल्या होत्या.

"समोरून उन्हाळा नि मागून हिवाळा," काकांनी चहा गाळता गाळता बातमी दिली.

काकूंना वाटलं, अंथरूणच कमी पडलं. म्हणून त्यांनी झोळीच्या मापाची खास गादी केली. कापूस असा ठासला की मूठ मारून काकांचीच बोटं दुखली. ती झोळीत घातल्यावर झोळीचं पोट जमिनीला टेकायला आलं. गादी वाकेना, काकू तिच्यावरून घसरून कडेला गेल्या, आणि सकाळी पाठ पुन्हा लोखंडाच्या पाइपासारखी गार.

"आमच्यातल्या एकीची दुलई झोळीच्या आत नसते," नणंद म्हणाली. "बाहेरून, पोटाखाली टांगलेली असते. का ते काही मी विचारलं नाही."

काकूंनी तसंही केलं. पण हाताला लागलेलं वळण जाईल कुठे? खाली टांगायची दुलईसुद्धा त्यांनी ठासूनच भरली, उभे-आडवे टाके घातले आणि वारा शिरू नये म्हणून नाड्या खेचून झोळीला अशी आवळली की मध्ये बोट जाईना. सकाळी नणंदेने पाठीला हात लावला आणि मान हलवली.

"वहिनी, मी तुमच्या वाईटावर नाही हो."

"माहितेय मला," काकू म्हणाल्या आणि पिंजायच्या खोलीत निघून गेल्या. निघायचा दिवस जवळ आला होता. त्यांना रडू बिडू काही आलं नाही, राग मात्र आला. सबंध जन्म कापसात गेला आणि कापूसच आपल्याला ऊब देईना म्हणजे काय!

हात बधिर झाले होते. हिवाळ्यात कामाला बसण्याआधी त्या नेहमी करायच्या तेच त्यांनी केलं, ताज्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसले. हात ऊन व्हायला लागले. दर हिवाळ्यात व्हायचे तसेच. आज मात्र काकू तिथेच थबकल्या. एक हात बाहेर काढून त्यांनी शेजारच्या ठासलेल्या गादीवर ठेवला. गादी गार. ढिगातला हात गरम.

"अहो," त्यांनी हाक मारली, "इकडे या. ह्या ढिगात हात घाला."

काकांनी घातला. "बरं वाटतंय. मग?"

"मग काय! ढीग भुसभुशीत आहे म्हणून ऊब धरतो. मी त्याचा जीव घेते. आधी ठासून, मग टाके मारून, आणि उरलासुरला माझ्या वजनाखाली."

"हे आज कळलं?"

"तुम्हाला कधी कळलं होतं?"

काका चहा ठेवायला गेले.

मग काकूंनी जी वस्तू शिवली ती त्यांच्या धंद्याला काळिमा होती. कापूस धुक्यात ओला होऊन गोळा होईल म्हणून उशांसाठी आणलेला पॉलिस्टरचा कापूस घेतला. वारा अडवायला जुन्या छत्र्यांचं कापड. टाका आरपार घातला की तिथला फुगवटा मरतो, म्हणून दोन कापडांच्या मध्ये उभ्या पट्ट्या शिवून घरं पाडली आणि त्यात कापूस नुसता सोडला. दाबावासा वाटला की त्या हात मागे घ्यायच्या. तयार झालेली दुलई ढगासारखी लोळत होती. काकांनी सवयीने बुक्की मारली, ती थेट खालच्या फळीपर्यंत गेली.

"गिऱ्हाइकाला दाखवू नकोस बाई. दुकान बंद पडेल."

नाड्या बांधताना काकू झोळीत पडल्या आणि काका खाली वाकून बघत राहिले, दुलई पाठीला टेकते पण चेपत नाही ना. सैल झाली की वारा, आवळली की फुगवटा गेला. बराच वेळ "वर घ्या, खाली घ्या" चाललं. शेजारणीने भिंतीवरून बघितलं आणि काही न विचारता ती आत गेली.

सकाळी अंगणातल्या बादलीत पाणी गोठलं होतं. नणंद आली ती हाका मारतच. झोळी हलेना. "वहिनी! अहो वहिनी!"

"ओरडू नका वन्सं," आतून आवाज आला, "झोपलेय मी."

नणंदेने पाठीखाली हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला. "ऊन आहे," ती म्हणाली. मग लगेच नर्सच्या आवाजात: "पण वर यापेक्षा जास्त थंडी. इथे जेमतेम पुरतंय ते तिथे कमी पडेल. प्रत्येक घरात आणखी भरा. आणि पायाखाली फोमची चटई घाला, तुमचे पाय आधी गार पडतात."

एरवी कुणी कामात सुधारणा सुचवली की काकू त्याला दुकानाची पायरी दाखवायच्या. आज त्यांनी नुसतं विचारलं, "किती भरू? फुगून फुटेल?"

"फुटू दे. निघायचं परवा आहे."

पठारावरच्या पहाटे झोळीवर बांधलेल्या ताडपत्रीवर पांढरं दहिवर धरलं होतं. काकूंच्या एका खांद्याला गार लागत होतं. तिकडची नाडी ढिली झाली होती. त्यांनी ती पडल्या पडल्याच ओढली. बाकी अंग ऊन होतं. तळ्यावरून वाफ उठत होती आणि नणंदेने सांगितलेली पाखरं उतरली होती, फक्त नणंद सांगायची त्यापेक्षा कितीतरी जास्त कलकलाट करत होती.

काकूंनी पाय खाली सोडले आणि त्या उभ्या राहिल्या. पायाखाली गवत कुरकुरलं. नणंद स्टोव्ह पेटवत होती.

"वन्सं, तळ्यापलीकडचा तो उंच डोंगर कुठला? तिथे कितपत थंडी असते?"

"भयंकर. का?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "घरं जरा मोठी पाडावी लागतील."