काकूंच्या क्वार्टरवर अडलेला खेळ

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या पोरांसाठी मोबाईलवर ट्रेझर हंट करायची कल्पना माझीच. पोरांकडे तेव्हा स्वतःचे फोन नव्हते, आईबापांचे मागून आणायचे. मी एसएमएसवर कोडं पाठवायचं, टोळीनं ते सोडवून त्या ठिकाणी पोचायचं, तिथल्या माणसाकडून गुप्त शब्द घेऊन मला कळवायचा, मग पुढचं कोडं. पोरांची मराठी सुधारेल, असं मी मंडळाला पटवलं. खरं कारण माझी लेक होती.

वर्षापूर्वी नवऱ्यानं सरकारी नोकरीला रामराम ठोकला आणि आम्ही लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडून गुडगावच्या नव्या टॉवरमध्ये गेलो. मलाही तिकडेच कंपनीत बरी जागा मिळाली. नशीब काढलं, असं सगळे म्हणाले. लेकीची शाळा जुनीच ठेवली, पण शाळेतून आल्यावर आम्ही परतेपर्यंत ती फ्लॅटमध्ये एकटीच असायची, आणि ती अबोल झाली. घरात 'हां', 'नहीं' आणि 'पता नहीं', एवढ्यावरच भागवायची. मला ती पुन्हा बोलायला हवी होती.

रविवारी सरोजिनी नगरच्या पार्कात तीन टोळ्या जमल्या. लेकही एकीत होती. दुधाच्या बूथवरून शब्द आले, मग इस्त्रीवाल्याकडून आले. तिसरा थांबा लक्ष्मीबाई नगरात, आमच्या जुन्या शेजारच्या काकूंकडे. मी ऑफिसातून येईपर्यंत लेक लहानपणापासून त्यांच्याच घरी असायची.

त्यानंतर एकही मेसेज नाही. मी बाकावर बसले, उठले, पार्काला चकरा मारल्या, पुन्हा बसले. लेकीच्या टोळीचा फोन बंद. बाकी दोन्ही टोळ्यांचेही बंद. बाजारात रविवारची झुंबड, आणि एवढी पोरं गेली कुठे? मंडळाचे सेक्रेटरी चहा पीत "येतील हो" म्हणाले, तेव्हा तो कप हिसकावून भिरकावून द्यावासा वाटला. शेवटी मी रिक्षा पकडली.

काकूंच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत तिन्ही टोळ्या मांडी घालून थालीपीठ खात होत्या.

"अगं, शब्द सांगणारच होते," काकू म्हणाल्या, "पण दारात आलेली पोरं तशीच पाठवू? आणि खाताना फोन कसले? बंद करून टीव्हीवर ठेवायला लावलेत."

मराठी घराला थांबा केलं की खेळ तिथेच बसणार, एवढं मला कळू नये! माझा पारा चढला होता. दोन शब्द सुनावायला तोंड उघडलं, तोच स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला.

ती ओट्याशी उभी राहून थालीपीठ थापत होती आणि अखंड बोलत होती. बसमधली भांडणं, लिफ्टमधला गार्ड, गणिताच्या मॅडम, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. काकूही आत गेल्या आणि ऐकता ऐकता तव्यावर तेल सोडू लागल्या. मी दारातच थांबले. फार बरं वाटलं, आणि काकूंचा हेवाही वाटला.

तिनं मला पाहिलं आणि गप्प झाली. मग म्हणाली, "आई, मी आज इथेच राहू? स्कूलला इथूनच जाईन ना. प्लीज."

"काकूंना कशाला त्रास? चल घरी."

"घरी कोणाकडे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. काकू खाली मान घालून थालीपीठ उलटत राहिल्या. "राहा," मी म्हटलं, आणि रिक्षा बघायला बाहेर पडले.