पदराआडचा डोळा

खुपरी या डोळ्यांच्या आजाराच्या पाहणीत आम्ही गावातली घरं चिठ्ठ्या टाकून निवडतो. लॉटरीत मला जन्मात साधा चहाचा कपही लागलेला नाही. चोपड्याकडच्या एका गावात मात्र थेट सासुरवाडी लागली.

ते घर आम्हाला बंद होतं. बायकोनं वडिलांच्या शेतातला हक्क सोडायच्या कागदावर सही केली नव्हती, तेव्हापासून. सोबत नोंद करणाऱ्या बाई होत्या. शेजारचं घर घेऊ, असं मी त्यांना हळूच सुचवून पाहिलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. निवडलेलं घर बदललं की आजार किती पसरलाय त्याचा आकडाच खोटा पडतो, हे सकाळी मीच त्यांना बोट उगारून शिकवलं होतं.

मेहुणा ओट्यावर बसला होता. उठला नाही, पाणीही विचारलं नाही.

“डोया देखाले उनात, का वावर मोजाले?”

मी म्हटलं, डोळे. एकेका पोराची पापणी उलटून आत खुपरीचे दाणे आहेत का ते पाहिलं. धाकटीनं माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला. मेहुण्यानं तिला गूळ दिला.

राहिल्या सासूबाई. आमच्याकडे सासू जावयासमोर तोंड उघडं ठेवत नाही. अर्ध्या तालुक्याच्या पापण्या मी उलटल्या असतील, पण सासूचे डोळे कसे आहेत ते मला ठाऊक नव्हतं. मला काही नाही झालं, असं त्या पदराआडून म्हणाल्या. पदर एका जागी ओला होता. लग्नापासून ती ओल मी बघत आलो होतो आणि लेकीच्या आठवणीची समजत होतो.

बाईंनी समजूत घातली तेव्हा सासूबाईंनी पदराला जेमतेम फट पाडली. एक डोळा दिसला. पापणी आत वळलेली, केस बुबुळावर घासत होते, बुबुळावर पांढुरकी साय. काही केस चिमट्यानं उपटलेले. त्यांचे खुंट टोचत असणार. दुसऱ्या डोळ्याचंही तेच सुरू झालं होतं. मी सांगितलं, पापणीचं लहानसं ऑपरेशन आहे. नाही केलं तर उरलीसुरली नजरही जाईल.

“तठे मायना अंगठा लेतीन,” मेहुणा म्हणाला. “आन वावर कोना नावे व्हई?”

ऑपरेशनला संमतीचा कागद लागतो, हे मी समजावू लागलो. जितकं समजावलं, तितका जास्त चोर दिसू लागलो. शेवटी बाईंनी माझी बाही ओढली.

सासूबाईंनी पदराची फट मिटवली. मग लेकाला म्हणाल्या, “मी जासू. तूच लई चाल, आन मना अंगठावर नजर ठेव.”

त्यानं नेलं. दवाखान्यात तो कागद त्यानं एका अनोळखी माणसाकडून वाचून घेतला, मला जवळ उभं राहू दिलं नाही. आईचा अंगठा उमटेपर्यंत मनगट धरून होता, आणि उमटताच शाई स्वतःच्या रुमालानं पुसून काढली, पार नखापर्यंत.

पट्टी निघाल्यावर बघायला गेलो. सासूबाईंनी सवयीनं पदर ओढला, पण फट ठेवली. पदर कोरडा होता. त्यांनी मला सावकाश निरखलं.

“जावईबापू, तुमना बठ्ठा केस गयात.”

मी टकलावरून हात फिरवला. मेहुणा हसला. पाणी मात्र त्यानं त्याही दिवशी विचारलं नाही.