प्लास्टरताईंची तिसरी उडी

हाडांच्या दवाखान्यात एकवीस वर्षं प्लास्टर घालणाऱ्या बाईंना सगळे प्लास्टरताई म्हणत. मोडलेले हातपाय त्यांनी ढिगाने पाहिले होते. पण त्या मंगळवारी आलेली तेरा वर्षांची मुलगी काही डोक्यातून जाईना. खुर्चीवरून उठताना पाय अडकला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्यानं?

"दूध पितेस का गं?"

"शी! वास येतो."

"उन्हात खेळतेस?"

"काळी पडेन ना!"

ताईंच्या हातातली ओली पट्टी तशीच राहिली. हीच उत्तरं त्यांच्या लेकीची होती, तीही तेरा वर्षांचीच. आणि घरी खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आई होती. हाडं भरायची ती याच वयात. पुढे नुसती झीज.

संध्याकाळी त्या लेकीला म्हणाल्या, "चल, दोरीवरच्या उड्या मारू."

"आई, तू आलीस की दवाखानाही घरी येतो!" लेकीनं मोबाइलमधून मान वर केली नाही.

ताईंना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्यांनी लेकीची शाळा गाठली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मुली पायरीवर बसून राहतात, म्हणून खेळाचा तास गणिताला दिलाय."

"मला एकच तास द्या."

शुक्रवारी ताईंनी वर्गाच्या खिडकीपाशी एक्स-रे धरून हाडं कशी ठिसूळ होतात ते समजावलं. मुली जांभया देऊ लागल्या. मग ताईंनी ओढणी कमरेला खोचली, दोरी घेतली आणि तिसऱ्याच उडीला धपकन बसल्या. लेक धावत आली.

"आई! लागलं?"

"हाड शाबूत आहे. नाक तेवढं कापलं!"

सगळ्या खो खो हसल्या. एका उंच मुलीनं दोरी उचलली, "द्या, मी दाखवते." मागोमाग दुसरी आली. घंटा झाली तरी दोरी थांबेना.

लेक मात्र दोन दिवस फुगून होती. "सगळ्यांसमोर कशाला आलीस?" तिसऱ्या दिवशी तिनं नाक दाबून दुधाचा पेला संपवला आणि ताईंसमोर ठेवून दिला.

महिन्याभरानं मुख्याध्यापिकांचा फोन आला, "खेळाचा तास परत सुरू केलाय. चौतीसपैकी अकरा मुली खेळतात!"

"आणि बाकीच्या तेवीस?" ताईंनी विचारलं. मग फोन ठेवून लेकीकडे वळल्या, "तू कुठे असतेस गं?"

"पायरीवर," लेक म्हणाली. "सोमवारच्या तासाला बघू."

सोमवारला अजून चार दिवस होते. ताई उगाचच घरभर फिरत राहिल्या.